दहावा खण कोणाचा?

"सही करणार नाही म्हणजे नाही!" दारात उभी राहून ती मुलगी म्हणाली. तिला अजून कोणी आत ये असंही म्हटलं नव्हतं.

मास्तरांच्या हातातला चहाचा कप ओठांपाशीच थांबला. तीस वर्षं भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या माणसाला सकाळी साडेआठला असा आवाज सोसत नाही. त्यांची थोरली बहीण आक्का मात्र वर्तमानपत्राची घडी घालून खुर्चीत सरळ झाली. आवाज चढवून येणारी माणसं तिला फार आवडत. रडत येणाऱ्यांना ती आधी पाणी द्यायची, चिडून आलेल्यांना लगेच खुर्ची.

"बस," आक्का म्हणाली. "कशावर सही करणार नाहीस?"

मुलीने पिशवीतून एक कागद काढून टेबलावर आपटला. चष्मा नाकावरून घसरत होता, तो वर ढकलला. कारखान्यात तिला सगळे चष्मेवालीच म्हणत, हे नंतर कळलं.

मास्तरांनी कागद वाचला. 'माझ्या प्रोग्राममधील चुकीमुळे कापणी यंत्र बंद पडून कामगारास इजा झाली, हे मला मान्य आहे.' खाली सहीची जागा मोकळी होती.

"आज चार वाजेपर्यंत सही केली तर नुसती नोकरी जाईल," चष्मेवाली म्हणाली. "नाही केली तर पोलिसांत तक्रार. सही केली तर मला पुन्हा कुठल्याही यंत्राला कोणी हात लावू देणार नाही. आणि काका जन्मभर समजतील की त्यांची बोटं मी घालवली."

काका म्हणजे यंत्रावरचे सगळ्यात जुने कारागीर. कारखाना पुठ्ठ्याचा. खोकी, आणि दुकानांच्या दारात उभे करतात ते मोठाले फलक. टेबलावर पुठ्ठा पसरायचा, वरून चाकू उतरतो आणि यंत्रात भरलेल्या चित्राबरहुकूम कापत जातो. नऊ दिवसांपूर्वी, मंगळवारी, चाकू वर थांबलेला असताना काका पुठ्ठा सरळ करत होते. यंत्र अचानक मेलं, चाकूची पट्टी खाली आली आणि उजव्या हाताची दोन बोटं गेली.

"तासाभरात माझं ओळखपत्र काढून घेतलं, मला फाटकाबाहेर केलं," ती म्हणाली. "गुरुवारी बाहेरचा तज्ज्ञ आला. त्याने एका आकड्यावरून ठरवलं की दोष माझा. आक्का, चूक माझी असती तर सहीसाठी कोणाला माझ्या मागे लागावं लागलं नसतं."

आक्काने कागद जवळ ओढला. विमा कंपनीत बावीस वर्षं नुकसानीची तपासणी करून एके दिवशी तीही अशाच एका कागदासमोर बसली होती. सही न करता उठली ती थेट घरी आली, आणि दुसऱ्या आठवड्यात दारावर पाटी लागली: 'खासगी तपास. खोटं सांगायचं असल्यास वरच्या मजल्यावर वकील राहतात.'

"कुठला आकडा? आणि मला नको, मास्तरला सांग. त्याला समजलं म्हणजे जगाला समजतं."

मास्तरांनी हा टोला सवयीने गिळला.

चष्मेवालीने टेबलावरची फूटपट्टी ओढली. "यंत्राच्या मेमरीला पत्ते असतात, घरांना असतात तसे. आमचं यंत्र जुनं, त्यात चार अब्ज पत्ते. त्यांचे सोळा खण पाडले असं समजा. पहिले बारा खण प्रोग्रामचे. शेवटचे चार कर्नलचे."

"कर्नल? लष्करातले?"

"नाही हो. यंत्राचा कारभारी. चाकू, मोटर, पडदा, पडद्यावरचं घड्याळ, सगळं त्याच्या हातात. माझा प्रोग्राम त्याचा भाडेकरू. भाडेकरूने कारभाऱ्याच्या खणात हात घातला तर कारभारी त्याला तिथल्या तिथे हाकलतो, पण बाकीचं घर चालू राहतं."

"आणि कारभाऱ्यानेच घोळ घातला तर?" आक्काने विचारलं.

"मग सगळंच थिजतं. त्याच्यावर कोणी नाही ना."

"हे बारा आणि चार कोणी आखून दिलं?" मास्तरांना कुठलीही हद्द दिसली की ती कोणी आखली हे विचारल्याशिवाय राहवत नसे.

"कारभाऱ्याचं सगळं एका छोट्या कार्डावर असतं, त्यातच ठरलेलं येतं. ते कार्ड यंत्राच्या कपाटात. त्याला हात लावायची मला परवानगी नाही, किल्ल्या वरच्यांकडे. माझा प्रोग्राम वेगळ्या डिस्कवर." तिने पट्टीवर बोट ठेवलं. "यंत्र मेलं तेव्हा पडद्यावर एक पत्ता उमटला होता. चूक जिथे झाली तो. त्याचा पहिला आकडा नऊ. शून्यापासून मोजायचं, म्हणजे दहावा खण."

"दहावा बाराच्या आत," मास्तर म्हणाले.

"म्हणून माझा. अहवालात एवढंच आहे. शिवाय लिहिलंय की सहा महिन्यांत प्रोग्रामचं एक अक्षर बदललेलं नाही, म्हणजे चूक आधीपासून आत दबा धरून बसली होती."

"तुझ्या मनात पाल चुकचुकतेय का?" आक्काने एकदम विचारलं.

मुलीची मान पहिल्यांदाच खाली गेली. मग म्हणाली, "थोडी. गेले चार महिने माझा प्रोग्राम मोठी चित्रं घेईना. 'जागा अपुरी' म्हणायचा. मी तीन अर्ज केले. व्यवस्थापकांनी उत्तर दिलं, तुमचा प्रोग्राम लठ्ठ झालाय, त्याला कमी खायला सांगा. शेवटी चित्राचे दोन तुकडे करून चालवायला लागलो. तेव्हापासून वाटतं, कुठेतरी माझंच काही चुकलं असेल."

"वाटू दे," आक्का उठली. "वाटण्यावर सही करायची नसते. चल मास्तर, चप्पल घाल."

*

इस्पितळात काका खिडकीजवळच्या खाटेवर बसले होते. उजव्या हाताला मनगटापर्यंत पट्ट्या. चष्मेवाली बाहेर भिंतीला टेकून उभी राहिली, आत यायचा तिला धीर होईना. दार उघडंच होतं.

"काय झालं ते मी बावीस वेळा सांगितलंय," काका म्हणाले. "पण घरच्यांना. कारखान्यातलं कोणी विचारायला आलं नाही."

"तज्ज्ञ?"

"तो यंत्राला भेटला. मला कशाला भेटेल?"

आक्काने स्टूल पुढे ओढलं. "मग मला सांगा. काय दिसलं?"

"सगळं थिजलं. मोटरचा आवाज गेला. पडदा तसाच. पट्टीखाली हात अडकलेला, आमचे दुरुस्तीवाले मोठे मिस्त्री वरून कप्पी फिरवून ती उचलतायत, आणि माझ्या डोळ्यांसमोर ते पडद्यावरचं घड्याळ. अकरा सतरा. बाई, वीस मिनिटं मी तसा उभा होतो आणि वीस मिनिटं तिथे अकरा सतराच होते. आपण आता मरेपर्यंत अकरा सतराच राहणार, असं वाटलं मला."

मास्तरांना त्या हाताकडे बघवेना. त्यांनी खिडकीबाहेर बघितलं.

"मोठे मिस्त्री नंतर भेटले?"

"भेटले? तीन दिवस इथून हलले नाहीत. खालच्या बाकावर झोपायचे. शिव्या देत देत भरवायचे मला. शुक्रवारी माझ्या बायकोने हाकललं तेव्हा गेले. जावईबापू शुक्रवारी संध्याकाळी आले, फळं ठेवली, पाच मिनिटांत गेले."

जावईबापू म्हणजे मालकीणबाईंचे जावई, कारखान्याचे व्यवस्थापक.

आक्का निघाली तशी काकांनी हाक मारली. "त्या पोरीला सांगा, माझा राग नाही. लहान आहे, चुकली असेल. पण माझ्या यंत्राला आता तिचा हात लागायला नको."

मास्तर बाहेर आले तेव्हा चष्मेवालीने चष्मा काढला होता आणि ओढणीने पुसत होती. पुसून झाला तरी पुसतच होती. "ऐकलं मी," ती म्हणाली. "शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं."

*

मोठ्या मिस्त्रींनी पाहुण्यांना बसा म्हटलं नाही. यंत्राखालून नुसते पाय दिसत होते. बऱ्याच वेळाने बाकीचा माणूस बाहेर आला.

"विचारा लवकर. कामं पडलीत."

"तो आकडा तुम्ही लिहून घेतलात?"

"मी. आमच्याकडे काही लिहायचं झालं की पुठ्ठ्याच्या पट्टीवर लिहितात. पडद्यावर जे होतं ते जसंच्या तसं लिहिलं, मालकीणबाईंची सही घेतली, मगच मुख्य बटण बंद केलं. मला लोखंड कळतं, आकडे नाही. पण उतरवून घ्यायला अक्कल लागत नाही."

"कपाटाच्या किल्ल्या किती?"

"दोन. एक जावईबापूंकडे, एक ही." कमरेच्या जुडग्यावर त्यांनी थाप मारली. मास्तरांनी ते जुडगं मनात नोंदवून ठेवलं. उर्मट माणूस, कमरेला किल्ली. मास्तरांचा निकाल तिथेच लागला होता.

आक्का वर छताकडे बघत होती. टेबलाच्या बरोबर वर, लोखंडी तुळईत, बोल्टची चार ताजी भोकं होती.

"कॅमेरा होता तिथे," मिस्त्री म्हणाले. "जावईबापूंची हौस. कोण किती वेळ हात चोळत उभा राहतो ते बघायचं. त्याची तार थेट यंत्राच्या कपाटात घेतली होती. चार महिने डोक्यावर टांगला होता. आता साफसफाईला काढलाय म्हणे."

"कधी काढला?"

"मी इस्पितळात होतो तेव्हा."

यंत्र चालू होतं. नवा कारागीर माणसाएवढा एक फलक कापत होता.

"बरं चाललंय की," आक्का म्हणाली.

"झकास. अख्खा फलक एका दमात. मी म्हणतो, पोरगी हुशार होती, पण बोलायची फार. तिचे ते अर्ज! गेली आणि यंत्र सुधारलं."

"तिच्यानंतर प्रोग्रामला कोणी हात लावला?"

"कोण लावणार? गुरुवारी आल्या आल्या तज्ज्ञाने तपासून डिस्कच्या झाकणाला सील ठोकलं. ते बघा, अजून तसंच आहे."

तेवढ्यात मास्तर भिंतीपाशी गेले होते. तिथे लांबलचक दांडीवर आकड्यांना पुठ्ठे टांगलेले होते. कापलेल्या प्रत्येक कामाचा एक नमुना, मागे तारीख आणि कारागिराची सही. हा मिस्त्रींचा वीस वर्षांचा नियम.

"आक्का, हे बघ गंमत," मास्तर म्हणाले. "मोठे नकाशे दोन पानांवर छापतात ना, तर जोडताना चुकू नये म्हणून कडेला फुल्या असतात. इथे तशाच आहेत. हा एक फलक, मध्ये दोन फुल्या. हा दुसरा, त्यालाही. पण या टोकाच्या पुठ्ठ्यांना नाहीत. आणि हा परवाचा, त्यालाही नाहीत. कारागीर बदलला की पद्धत बदलते बहुतेक."

आक्काने बहुतेक पहिल्यांदाच आपल्या भावाच्या पाठीवर थाप मारली. "तीन पुठ्ठे काढून घे. एक त्या टोकाचा, एक मधला, एक परवाचा."

"कशाला?"

"भूगोल शिकवायचाय."

*

जावईबापू मात्र गोड माणूस. त्यांनी खुर्च्या दिल्या, चहा मागवला, काकांच्या बोटांबद्दल हळहळले.

"खरं सांगतो बाई, मला त्या यंत्रातलं ओ की ठो कळत नाही. आम्ही पुठ्ठ्याची माणसं. अपघातानंतर मी त्या खोलीत पाऊलही टाकलेलं नाही. रक्त बघवत नाही मला."

"मुलगी सही करणार नाही म्हणते."

"लहान आहे. हुशार आहे हो, पण अडचणीतला माणूस काय वाटेल ते बोलतो. आज म्हणेल पुठ्ठा वाकडा होता. उद्या म्हणेल कर्नलची हद्दच सरकवली. परवा आणखी काही. किती जणांचं किती ऐकायचं? तज्ज्ञाने लिहून दिलंय, संपलं."

"संपलं," आक्का म्हणाली आणि चहा पिऊन टाकला. "चार वाजता आम्हीही येतो. तज्ज्ञांनाही बोलवा. सही व्हायचीच असेल तर सगळ्यांदेखत होऊ दे."

जिना उतरताना मास्तर कुजबुजले, "मिस्त्रीच ना? किल्ली कमरेला, बोलणं तसलं—"

"मास्तर, सगळे कडू लोक गुन्हेगार असते तर मी केव्हाच तुरुंगात असते."

*

चार वाजता मालकीणबाईंच्या खोलीत सहा-सात माणसं झाली. मालकीणबाई साठीच्या, पाठ ताठ, बोलणं मोजकं. शेजारी जावईबापू. दाराशी मिस्त्री हाताची घडी घालून. कोपऱ्यात बारीक चणीचा तज्ज्ञ, मांडीवर अहवाल. टेबलावर तो कागद, आणि कागदावर आधीच टोपण काढून ठेवलेलं पेन.

"कर सही, पोरी," मालकीणबाई म्हणाल्या. "मलाही हे लांबवायचं नाही."

"नाही करणार," चष्मेवाली म्हणाली. "पोलिसांना बोलवा. त्यांच्यासमोरही हेच सांगेन."

"पोलिसांना बोलवावं लागेलच," आक्का म्हणाली, "पण हिच्यासाठी नाही. मालकीणबाई, दहा मिनिटं द्या." आणि उत्तराची वाट न बघता ती तज्ज्ञाकडे वळली. "भाडेकरूची चूक झाली तर घर चालू राहतं, कारभाऱ्याची झाली तर सगळं थिजतं. बरोबर?"

"ढोबळमानाने बरोबर."

"मग घड्याळ का थांबलं?"

"कुठलं घड्याळ?"

"पडद्यावरचं. वीस मिनिटं अकरा सतराच दाखवत होतं. ते घड्याळ कारभारी चालवतो. फक्त हिचा प्रोग्राम पडला असता तर घड्याळ चालत राहिलं असतं. हे बघणारा माणूस इस्पितळात आहे आणि त्याला तुम्ही विचारलं नाहीत."

तज्ज्ञ ताठ बसला. "मला सांगितलं की तो शुद्धीवर नव्हता."

"कोणी सांगितलं?"

तज्ज्ञाने जावईबापूंकडे बघितलं. जावईबापू हसले. "अहो, बोटं तुटलेल्या माणसाला घड्याळाचं काय भान? आणि पत्ता तर पुठ्ठ्यावर लिहिलेला आहे. नऊ. तो काही मी लिहिला नाही."

"आकडा खराच आहे," आक्का म्हणाली. "एक रेघही खोटी नाही. म्हणून तर सगळे फसले. दहावा खण. बारा-चारची वाटणी असेल तर तो प्रोग्रामचा. पण वाटणी आठ-आठची असेल तर?"

तज्ज्ञाचे ओठ हलले. "तर दहावा खण कर्नलचा."

"वाटणी आठ-आठ करता येते?"

"येते. एखाद्या नव्या उपकरणाला कर्नलच्या भागात खूप जागा लागली तर करतात. मोठा कॅमेरा, समजा. पण मी यंत्र तपासलं तेव्हा हद्द बारावरच होती."

"तुम्ही गुरुवारी तपासलंत. अपघात मंगळवारी झाला. मास्तर, पुठ्ठे."

मास्तरांनी तिन्ही पुठ्ठे भिंतीला टेकवून उभे केले. वर्गात नकाशे लावायचे तसेच, खालची कड सरळ करून.

"हा सहा महिन्यांपूर्वीचा फलक. अखंड. हा अपघाताच्या आदल्या आठवड्यातला. मध्ये जोडाच्या फुल्या, कारण प्रोग्राम 'जागा अपुरी' म्हणत होता आणि चित्र दोन तुकड्यांत भरावं लागत होतं. हा परवाचा. पुन्हा अखंड. तिन्ही फलक एकाच मापाचे. मागे तारखा आहेत." आक्का अहवालाकडे वळली. "आणि तुम्हीच लिहिलंय की सहा महिन्यांत प्रोग्रामचं एक अक्षर बदललेलं नाही. मग तोच प्रोग्राम आधी मजेत, मध्येच चार महिने उपाशी, आणि आता पुन्हा मजेत कसा?"

"मी लठ्ठ झाले नव्हते," चष्मेवाली हळूच म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर आधी उजेड पडला आणि पाठोपाठ राग आला. "माझे चार खण काढून घेतले होते!"

"घेतले होते. कॅमेरा लागला त्याच आठवड्यात. कारभाऱ्याला कॅमेऱ्यासाठी जागा हवी होती. हद्द बारावरून आठवर आली. आणि मंगळवारी त्या कॅमेऱ्यापायी कारभारीच कोसळला, दहाव्या खणात, त्याच्या स्वतःच्या खणात. कुंपणानेच शेत खाल्लं. मग कोणीतरी ते कुंपण उचलून पुन्हा जुन्या जागी नेऊन ठेवलं, म्हणजे तोच खरा आकडा हिच्याकडे बोट दाखवायला लागला."

"हे कोणीही केलं असेल!" जावईबापू म्हणाले. "मला तर त्यातलं कळत नाही. किल्ली मिस्त्रींकडेही आहे."

मिस्त्रींनी घडी घातलेले हात सोडले. ते काही बोलण्याआधी आक्काच म्हणाली, "मिस्त्री मंगळवार ते शुक्रवार इस्पितळाच्या बाकावर होते. मुलगी फाटकाबाहेर. गुरुवारी तज्ज्ञ येण्याआधी कपाट उघडू शकणारी एकच किल्ली कारखान्यात होती. आणि कळण्याचं म्हणाल, तर कळावं लागतच नाही. कॅमेरा बसवताना कारभाऱ्याचं जुनं कार्ड काढून नवं घातलं. जुनं कुठेतरी पडून होतं. नवं काढायचं, जुनं घालायचं. दिव्याचा बल्ब बदलण्याइतकं काम."

"हे सगळे तर्क आहेत."

"होय. पण सकाळी तुम्ही मला म्हणालात, 'उद्या म्हणेल कर्नलची हद्दच सरकवली.' जावईबापू, त्या वेळेपर्यंत हद्द सरकवल्याचं कोणीच म्हटलं नव्हतं. ही म्हणाली नाही, हिच्या डोक्यातही नव्हतं. अहवालात नाही. मलाही पुठ्ठे बघून नुकतंच सुचलं होतं आणि मी बोलले नव्हते. ज्याला ओ की ठो कळत नाही त्याला ही एकच गोष्ट बरी सुचली. चोराच्या मनात चांदणं."

मालकीणबाईंनी जावयाकडे बघितलं नाही. फक्त हात पुढे केला.

"किल्ल्या."

"आई, अहो—"

"तुमच्या टेबलाच्या खणाच्या. किल्ल्या द्या."

खणात कॅमेरा त्याच्या खोक्यातच होता. दुकानदार परत घेईल या आशेने पावतीसकट जपून ठेवलेला. खोक्याच्या तळाशी नखाएवढं एक कार्ड. तज्ज्ञाने ते आपल्या संगणकाला लावलं, चार-पाच कळा दाबल्या आणि बराच वेळ पडद्याकडे बघत राहिला.

"आठ," तो म्हणाला. मग त्याने स्वतःचाच अहवाल उघडला आणि शेवटच्या पानावर पहिल्या ओळीपासून खालपर्यंत तिरकी रेघ मारली. "मी माणसाला विचारायला हवं होतं."

जावईबापूंचा गोडवा अजून संपला नव्हता. ते चष्मेवालीकडे वळले. "झालं गेलं. मुद्दाम कोणी केलं नाही ना? आपण 'तांत्रिक बिघाड' असं लिहू. कोणाचंच नाव नको. तू उद्यापासून कामावर ये, वरच्या जागेवर. आई, घरची अब्रू आहे. हिने फक्त एवढ्यावर सही करावी."

मास्तरांना वाटलं, आता आक्का भडकणार. पण तिने मुलीकडे बघितलं आणि वाट बघितली.

"सकाळी खोट्यावर सही मागत होतात," चष्मेवाली म्हणाली, "आता अर्ध्या खोट्यावर मागताय. काकांच्या जागेवर कॅमेरा लावलात, तो काकांचेच हात मोजायला. त्यांची बोटं गेली तर ती माझ्या नावावर लिहिलीत. मला वरची जागा नको आणि खालचीही नको. खरं लिहा. तुम्ही लिहा, तुम्ही सही करा!"

एवढं बोलून तिचा श्वास संपला.

मालकीणबाईंनी तो सकाळचा कागद ओढला, उलटा केला आणि कोऱ्या पाठीवर लिहायला सुरुवात केली. सावकाश, मोठ्या अक्षरांत. जावईबापू दोनदा 'आई' म्हणाले. त्यांनी मान वर केली नाही. लिहून झाल्यावर सही केली आणि कागद मुलीकडे सरकवला. कॅमेरा कोणी आणला, कार्ड कोणी बदललं, दोष कोणाचा नव्हता आणि कोणाचा होता, सगळं त्यात होतं. जावयाचं पूर्ण नाव होतं, आडनावासकट.

"पोलिसांना मीच कळवते," त्या म्हणाल्या. "तू आधी हे इस्पितळात घेऊन जा. तिथे आधी जायला हवं."

*

इस्पितळात चष्मेवाली या वेळी दाराशी थांबली नाही. तिने कागद काकांच्या मांडीवर ठेवला. काकांनी तो दोनदा वाचला. मागे मोठे मिस्त्री उभे होते, हातात एक लोखंडी खिट्टी घेऊन. यंत्र मेलं तरी चाकू खाली येणार नाही अशी खिट्टी त्यांनी दुपारभरात घडवली होती आणि ती कोणाला तरी दाखवल्याशिवाय त्यांना चैन पडत नव्हतं.

काकांनी कागद उशीखाली सरकवला. मग त्यांनी डावा हात कसाबसा पुढे करून तिच्या डोक्यावर ठेवला.

"सकाळी मी काय बोललो ते ऐकलं होतंस का?"

"हो."

"मग आता हेही ऐक. यंत्राच्या सगळ्या कळा उजवीकडे आहेत. मला त्या डावीकडे पाहिजेत. किती दिवस लागतील?"

चष्मेवालीने चष्मा वर ढकलला. "दोन."

"मला इथून सोडायला आठवडा लावणार आहेत," काका म्हणाले. "म्हणजे तुला पाच दिवस जास्तीचे आहेत. नीट कर."